कामांची यादी सांभाळणारे अ‍ॅप निवडताना

पदराला गाठ मारून ठेवणे, ‘कालनिर्णय’च्या चौकोनात दुधाचा खाडा आणि गॅस सिलिंडरची तारीख टिपणे, कार्यालयातील टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी सरकवणे, या आठवण ठेवण्याच्या जुन्या युक्त्या शहरी घरांतून अजून पूर्णपणे गेलेल्या नाहीत. मात्र विम्याचा हप्ता, मुलांच्या प्रवेशप्रक्रियेच्या तारखा, वृद्ध आई-वडिलांच्या तपासण्या, आयकर विवरणपत्र, सोसायटीची कामे आणि कार्यालयातील जबाबदाऱ्या अशी असंख्य व्यवधाने एकाच माणसावर येऊन पडली की या युक्त्या अपुऱ्या ठरतात. विसरण्याची किंमतही लहान नसते. हप्ता चुकला तर आरोग्य विमा खंडित होऊ शकतो, अर्जाची मुदत हुकली तर विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

या गरजेतूनच कामांची यादी ठेवणारी अनेक अ‍ॅप्स बाजारात आली. आज त्यांची टंचाई नाही. अडचण आहे ती निवडीची. एक अ‍ॅप उतरवून घ्यायचे, चार दिवस उत्साहाने नोंदी करायच्या, महिनाभराने ते विसरायचे आणि पुन्हा दुसरे शोधायचे, असा अनेकांचा अनुभव असतो. ‘सर्वांत चांगले अ‍ॅप कोणते?’ या प्रश्नापासून सुरुवात केल्याने असे होते. त्याऐवजी ‘आपले काम नेमके कोठे निसटते?’ हा प्रश्न आधी विचारला, तर निवड पुष्कळ सोपी होते. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न असतो तो सुटकेचा. उद्या हे अ‍ॅप सोडायचे झाले, तर आपली यादी आपल्याबरोबर येईल का?

लिहून ठेवल्याने काय साधते?

अपुरे काम मनात घोळत राहते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली यावर प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध केले. मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असे त्यांना आढळले. पुढील काळात इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम प्रत्येक वेळी दिसला नाही. तरी अपुऱ्या कामाची टोचणी हा विषय अभ्यासकांनी सोडला नाही.

ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्यात एक महत्त्वाची भर घातली. अपुऱ्या कामांचे विचार दुसऱ्या कामात व्यत्यय आणतात. पण ते काम केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना आखली, की काम पूर्ण झालेले नसतानाही हा व्यत्यय ओसरतो, असे त्यांना दिसून आले. पीटर गोलवित्झर यांचे संशोधनही याच दिशेचे आहे. ‘व्यायाम करायचा’ या नुसत्या संकल्पापेक्षा ‘सकाळचा चहा झाला की बूट घालून बाहेर पडायचे’ असा प्रसंगाशी बांधलेला निश्चय तडीस जाण्याची शक्यता अधिक असते.

अ‍ॅपची निवड करणाऱ्याने यातून एक निकष घ्यावा. नोंद साठवणे हे यादीचे निम्मेच काम. नोंदीला ‘केव्हा’, ‘कोठे’ आणि ‘पहिले पाऊल कोणते’ यांची जोड सहज देता आली, तरच मन मोकळे होते. शंभर नोंदी गिळून गप्प बसणारे अ‍ॅप अडगळीच्या खोलीसारखे असते.

प्रत्येक अ‍ॅपमागे एक पद्धत

यादीची पद्धत अ‍ॅपपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील बेथलेहेम स्टील या कंपनीचे प्रमुख चार्ल्स श्वाब यांना आयव्ही ली या सल्लागाराने १९१८ च्या सुमारास एक उपाय सुचवल्याची कथा व्यवस्थापनाच्या पुस्तकांत वारंवार येते. दिवसाअखेरीस उद्याची सहाच कामे महत्त्वाच्या क्रमाने लिहावीत आणि एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, एवढाच तो उपाय. तातडीचे आणि महत्त्वाचे यांतील फरक चार चौकोनांत मांडण्याची पद्धत स्टीफन कवी यांच्या १९८९ मधील पुस्तकाने घरोघरी पोहोचवली; तिला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे नाव जोडले जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सेस्को चिरिलो यांनी पंचवीस मिनिटे काम आणि थोडी विश्रांती असे ‘पोमोदोरो’ तंत्र मांडले. २००१ मध्ये डेव्हिड अ‍ॅलन यांचे ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक आले. डोक्यातील प्रत्येक गोष्ट बाहेर काढून विश्वासार्ह ठिकाणी लिहावी, प्रत्येकीची ‘पुढची कृती’ ठरवावी आणि आठवड्यातून एकदा सगळ्या याद्या तपासाव्यात, हा त्याचा गाभा.

यंत्रांनी याच पद्धती उचलल्या. १९९६ मध्ये आलेल्या ‘पायलट’ या हातात मावणाऱ्या संगणकावर दैनंदिनी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे यांच्यासाठी चार स्वतंत्र बटणे होती. ‘ऑम्निफोकस’ हे अ‍ॅलन यांच्या पद्धतीशी जवळीक सांगणारे आहे, ‘टिकटिक’मध्ये पोमोदोरोचे घड्याळ आहे, ‘ट्रेलो’तील फलक टोयोटा कारखान्यातून आलेल्या कानबान पद्धतीवर बेतलेला आहे. म्हणजेच अ‍ॅप निवडणे म्हणजे कळत-नकळत एक कार्यपद्धती निवडणे होय. ज्याला दिवसाला पाच-सात कामे असतात, त्याने चाळीस कप्प्यांची पद्धत घेतली तर कामापेक्षा कप्पेच अधिक आवरावे लागतात.

काम कोठे निसटते?

हिशेबाच्या जुन्या पद्धतीत व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपला जाई, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढे आणि ठरलेल्या वेळी ताळा पाहिला जाई. कामांच्या यादीचेही असेच टप्पे असतात. नोंद, निर्णय, आठवण आणि उजळणी हे ते चार टप्पे. बहुतेकांचे काम यांपैकी एखाद्याच ठिकाणी निसटते. ते ठिकाण ओळखले, की अ‍ॅपमध्ये काय पाहायचे ते आपोआप ठरते.

नोंद. लोकलमध्ये उभे असताना आलेला दूरध्वनी, वर्गशिक्षिकेचा व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, जिन्यात भेटलेल्या सचिवांनी सांगितलेले काम, हे सारे ‘नंतर लिहू’ म्हणून राहून जाते. ज्यांचे काम येथे निसटते, त्यांनी वेगाला महत्त्व द्यावे. फोनच्या मुख्य पडद्यावरून एका स्पर्शात नोंद करता येते का, संदेश किंवा ई-मेल ‘शेअर’ करून थेट यादीत टाकता येतो का, बोगद्यात किंवा तळघरात इंटरनेट नसतानाही नोंद स्वीकारली जाते का, हे पाहावे. मराठीत टंकलेखन आणि मराठी बोलून लिहिणे या सोयी कळफलकाकडून मिळतात, त्यामुळे त्या जवळपास कोणत्याही अ‍ॅपमध्ये चालतात. मात्र वाक्यातून तारीख ओळखण्याची सोय वेगळी असते. इंग्रजीत लिहिलेला ‘टुमारो’ ओळखणारे अ‍ॅप मराठीतील ‘उद्या’ किंवा ‘परवा सकाळी’ ओळखेलच असे नाही. मराठीत नोंदी करणाऱ्यांनी हे स्वतः लिहून तपासावे.

निर्णय. काहींच्या याद्या लांबलचक असतात, पण त्या पाहिल्या की काय करायचे तेच कळत नाही. ‘बँक’, ‘बाबांचे डोळे’, ‘फ्लॅट’ अशा नोंदी विषय सांगतात, कृती सांगत नाहीत. ‘बाबांच्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांची वेळ घेणे’ असे क्रियापदासह लिहिले की अर्धे काम होते, आणि यासाठी कोणतेही शुल्क भरावे लागत नाही. अशा व्यक्तीला मोठ्या कामाचे तुकडे करण्याची, म्हणजे उपकामांची सोय हवी. त्याहून महत्त्वाचा आहे तो दोन तारखांतील भेद. काम कधी हाती घ्यायचे ही एक तारीख आणि ते कधीपर्यंत संपलेच पाहिजे ही दुसरी. पारपत्राचे नूतनीकरण जूनअखेर संपायला हवे असेल, तर कागदपत्रांची जुळवाजुळव एप्रिलमध्येच सुरू करावी लागते. ‘थिंग्ज’मध्ये हा भेद पूर्वीपासून आहे. ज्या अ‍ॅपमध्ये एकच तारीख घालता येते, तेथे लोक मनाने ठरवलेली खोटी मुदत लिहितात, ती रोज पुढे ढकलतात आणि मग खऱ्या मुदतीकडेही त्याच नजरेने पाहू लागतात.

आठवण. काम लिहिलेले असते, ठरलेलेही असते. पण वेळेवर आठवत नाही. येथे स्मरणसूचनेचा दर्जा महत्त्वाचा. वेळेनुसार सूचना जवळपास सगळीकडे मिळते. ‘अ‍ॅपल रिमाइंडर्स’सारख्या काही अ‍ॅप्समध्ये ठिकाणानुसारही मिळते, म्हणजे औषधांच्या दुकानाजवळ पोहोचल्यावर सूचना वाजते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांचे दोन प्रकार असतात. घरभाडे दर महिन्याच्या पाच तारखेलाच द्यायचे असते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी मात्र मागच्या वेळी बदलली तेव्हापासून सहा महिन्यांनी बदलायची असते. पहिल्या प्रकारात तारीख पंचांगाशी बांधलेली, दुसऱ्यात काम पूर्ण केल्याच्या दिवसाशी. ‘टुडूइस्ट’सारखी अ‍ॅप्स दोन्ही प्रकार हाताळतात, साधी अ‍ॅप्स बहुधा पहिलाच.

सूचना न वाजण्याचा दोष नेहमी अ‍ॅपचाच असतो असे नाही. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन पार्श्वभूमीत चालणाऱ्या अ‍ॅप्सना झोपवतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे अधिक कठोरपणे होते. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी लागते, तर २०२३ मधील अँड्रॉइड १४ पासून नव्याने उतरवलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना अचूक वेळेच्या गजराची परवानगी आपोआप मिळत नाही. म्हणून नवे अ‍ॅप घेतल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचना, गजर आणि बॅटरी या तिन्ही परवानग्या तपासाव्यात. औषधाच्या वेळेसारखी जोखमीची बाब केवळ यादीच्या अ‍ॅपवर सोडू नये. तिला फोनमधील गजराची किंवा घरातील माणसाची जोड असावी.

उजळणी. काहींच्या बाबतीत सुरुवातीचे तीन टप्पे व्यवस्थित असतात, तरी यादी हळूहळू शिळी होते. झालेली कामे तशीच राहतात, रद्द झालेली कामे डोळ्यांसमोर येत राहतात आणि शेवटी यादीवरचा विश्वास उडतो. विश्वास उडाला, की माणूस पुन्हा डोक्यात आठवण ठेवू लागतो. अशांनी रोजची यादी वेगळी दाखवणारे अ‍ॅप घ्यावे. ‘मायक्रोसॉफ्ट टू डू’मधील ‘माय डे’ हे पान रोज मध्यरात्री रिकामे होते. राहिलेली कामे सूचनांच्या रूपाने समोर येतात आणि त्यांतील कोणती आज करायची हे रोज नव्याने ठरवावे लागते. साप्ताहिक उजळणीसाठी रविवार सकाळची वीस मिनिटे राखून ठेवणे हा त्यावरचा दुसरा उपाय. तो कोणत्याही अ‍ॅपमध्ये करता येतो.

उपलब्ध पर्याय

फोनबरोबर मिळणारी किंवा विनामूल्य अ‍ॅप्स बहुतेकांना पुरेशी ठरतात. ‘गुगल टास्क्स’ची सुरुवात २००८ मध्ये जीमेलच्या आत झाली, स्वतंत्र मोबाइल अ‍ॅप २०१८ मध्ये आले. तारीख घातलेले काम गुगल कॅलेंडरवर दिसते, ही त्याची मोठी सोय. रचना अगदी साधी आहे आणि तेच त्याचे बलस्थान आहे. ज्यांचा दिवस जीमेल आणि कॅलेंडरमध्ये जातो, त्यांनी येथून सुरुवात करावी. ‘अ‍ॅपल रिमाइंडर्स’ २०११ पासून आयफोनबरोबर मिळते आणि २०१९ मध्ये त्याची रचना पुष्कळ सुधारली. सामायिक याद्या, ठिकाणानुसार सूचना आणि एखाद्या व्यक्तीशी संदेशांची देवाणघेवाण सुरू असताना मिळणारी आठवण या त्याच्या जमेच्या बाजू. घरात कोणाकडे आयफोन आणि कोणाकडे अँड्रॉइड असेल, तर मात्र ते सोयीचे नाही. ‘मायक्रोसॉफ्ट टू डू’ अँड्रॉइड, आयफोन, विंडोज आणि संकेतस्थळ अशा सर्व ठिकाणी चालते, त्यात याद्या इतरांबरोबर वाटून घेता येतात आणि आउटलुकमध्ये खूण केलेले ई-मेल थेट कामांच्या यादीत दिसतात.

यापुढची पायरी विशेष अ‍ॅप्सची. २००७ मध्ये आलेले ‘टुडूइस्ट’ जवळपास सर्व यंत्रांवर चालते आणि इंग्रजीसह अनेक भाषांतील वाक्यातून तारीख ओळखते. त्याच्या विनामूल्य आवृत्तीत प्रकल्पांच्या संख्येवर मर्यादा आहे, हे आधी पाहून घ्यावे. ‘टिकटिक’मध्ये यादी, कॅलेंडर, सवयींची नोंद आणि पोमोदोरोचे घड्याळ एकत्र मिळते, ज्याला चार अ‍ॅप्सऐवजी एकच हवे, त्याला ते आवडते, आणि ज्याला साधेपणा हवा त्याला ते गजबजलेले वाटते. ‘थिंग्ज’ आणि ‘ऑम्निफोकस’ ही अ‍ॅपलच्या यंत्रांसाठी बनवलेली अ‍ॅप्स आहेत. ‘थिंग्ज’ एकदाच पैसे भरून विकत घेता येते; मात्र आयफोन, आयपॅड आणि मॅक यांसाठी वेगवेगळी खरेदी करावी लागते.

‘ट्रेलो’ आणि ‘नोशन’ यांचे स्थान थोडे वेगळे आहे. घराची दुरुस्ती, लग्नकार्य किंवा छोटा व्यवसाय यांसारख्या, अनेक माणसे गुंतलेल्या आणि टप्प्याटप्प्याने पुढे जाणाऱ्या कामांना ती उपयोगी पडतात. रोजच्या किरकोळ कामांसाठी ती जड ठरतात. मुक्त स्रोताचा आग्रह असणाऱ्यांसाठी अँड्रॉइडवर ‘टास्क्स डॉट ऑर्ग’ आहे.

कागदाची वहीही या स्पर्धेतून बाद झालेली नाही. रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये लोकांसमोर ठेवलेली ‘बुलेट जर्नल’ ही वहीची पद्धत आजही वापरली जाते. वही चालू व्हायला वेळ लावत नाही, मध्येच जाहिरात दाखवत नाही आणि राहिलेले काम दुसऱ्या पानावर हाताने उतरवावे लागत असल्याने ते खरोखर करायचे आहे का याचा विचार करायला लावते. पण वही वाजत नाही आणि ती घरी राहिली तर कार्यालयात उपयोगाची नसते. ज्यांचे काम ‘आठवण’ या टप्प्यावर निसटते, त्यांनी केवळ वहीवर अवलंबून राहू नये.

अ‍ॅप बंद पडले तर?

बर्लिनमधील एका कंपनीने काढलेले ‘वंडरलिस्ट’ हे एके काळी अत्यंत लोकप्रिय अ‍ॅप होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ती कंपनी विकत घेतली. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘टू डू’ हे स्वतःचे अ‍ॅप जाहीर केले आणि ‘वंडरलिस्ट’ पुढे बंद होणार असल्याचेही सांगितले. २०१९ मध्ये संस्थापक क्रिश्चियन रेबर यांनी ते परत विकत घेण्याची तयारी जाहीरपणे दाखवली. तरीही ६ मे २०२० रोजी ‘वंडरलिस्ट’ बंद झाले. वापरकर्त्यांना आपल्या याद्या ‘टू डू’मध्ये नेण्याची सोय दिली गेली, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

‘अ‍ॅस्ट्रिड’चा इतिहास याहून बोलका आहे. २०१३ मध्ये याहूने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद केले. मात्र त्याची मूळ आज्ञावली मुक्त स्रोताची असल्याने ती इतरांना पुढे चालवता आली आणि आजचे ‘टास्क्स डॉट ऑर्ग’ तिच्यातूनच उभे राहिले. अ‍ॅप चालू राहिले तरी त्याची रचना बदलू शकते. गुगलने २०२३ मध्ये कॅलेंडर आणि असिस्टंटमधील स्मरणसूचना ‘टास्क्स’मध्ये हलवल्या, तेव्हा जुन्या सवयी अनेकांना बदलाव्या लागल्या.

कंपनी मोठी असणे किंवा अ‍ॅप लोकप्रिय असणे ही टिकण्याची हमी नव्हे, हे यावरून दिसते. म्हणून निर्यातीची सोय पहिल्याच दिवशी तपासावी. यादी साध्या मजकुराच्या किंवा तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येते का आणि ती फाइल उघडल्यावर कामाचे नाव, तारीख व टिपण ही तिन्ही जागेवर दिसतात का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. गुगलची माहिती ‘टेकआउट’ या सोयीतून काढता येते. वर्षातून दोनदा अशी प्रत काढून ठेवली, तर अ‍ॅप बंद पडल्याची बातमी आली तरी धावपळ होत नाही.

शुल्क आणि खासगी माहिती

मासिक किंवा वार्षिक शुल्क भरण्याआधी एक हिशेब करावा. ज्या सोयीसाठी पैसे भरायचे, ती आपल्या निसटण्याच्या ठिकाणाशी संबंधित आहे का? आठवण राहत नाही म्हणून नेमक्या सूचनांसाठी पैसे भरणे योग्य. रंगसंगती आवडली म्हणून भरणे हा हौसेचा खर्च. वार्षिक शुल्क आपोआप नूतनीकृत होत असेल, तर त्याच्या आठवडाभर आधीची सूचना त्याच अ‍ॅपमध्ये घालून ठेवावी.

कामांची यादी दिसायला साधी असली, तरी तिच्यातून माणसाचे आरोग्य, कर्ज, कौटुंबिक वाद आणि प्रवासाच्या तारखा सहज कळतात. केवळ वापरकर्त्यालाच वाचता येईल अशा कुलूपबंद स्वरूपात नोंदी ठेवण्याची सोय या प्रकारच्या अनेक लोकप्रिय अ‍ॅप्समध्ये नसते. त्यामुळे संकेतशब्द, एटीएमचा पिन, आधार क्रमांक यादीत लिहू नयेत. कार्यालयाची गोपनीय माहिती वैयक्तिक अ‍ॅपमध्ये नोंदवण्यापूर्वी संस्थेचा नियम पाहावा. साध्या यादीच्या अ‍ॅपने संपर्कांची यादी किंवा छायाचित्रे मागितली, तर त्यामागचे कारण कळल्याशिवाय परवानगी देऊ नये. भारतात वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. तरी लिहिलेच नाही ते फुटत नाही, हा जुना नियम अधिक भरवशाचा.

घराची यादी कोणाच्या डोक्यात?

वैयक्तिक कार्यक्षमतेची चर्चा बहुधा कार्यालयापुरती राहते. घरातील आठवणींचा भार मात्र पुष्कळदा एकाच व्यक्तीवर, बहुतेक घरांत बाईवर असतो. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकामात सहभागी असलेल्या महिला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटे. ही केलेल्या कामाची मोजदाद आहे. लसीकरणाची तारीख, संपत आलेले तेल, शाळेची सहल हे सारे लक्षात ठेवण्याचे श्रम तीत वेगळे दिसत नाहीत.

सामायिक यादी येथे उपयोगी पडते. घरातील प्रत्येकाला दिसणारी आणि प्रत्येक कामापुढे एकाचे नाव असलेली यादी केली, तर कोणाच्या डोक्यात किती आहे ते निदान उघड होते. ‘सांगितले असते तर केले असते’ या उत्तराला मग जागा राहत नाही. त्यासाठी अ‍ॅप घरातील सर्वांत कमी तंत्रस्नेही व्यक्तीला वापरता आले पाहिजे. आजोबांना उघडता न येणारी सुंदर यादी फ्रिजवरच्या कागदापेक्षा कमी उपयोगाची.

दोन आठवड्यांची कसोटी

परीक्षणे वाचून किंवा गुणांची तुलना करून अ‍ॅपची खरी ओळख होत नाही. दोन अ‍ॅप्स निवडून प्रत्येकी दोन आठवडे वापरून पाहावीत. दोन्ही एकाच वेळी वापरू नयेत. कसोटी पुढीलप्रमाणे घेता येईल.

१. पहिल्या दिवशी खरी वीस कामे भरावीत. त्यात घरची, कार्यालयाची, पुन्हा पुन्हा येणारी आणि लांबच्या मुदतीची अशी सर्व प्रकारची असावीत.

२. फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवून दोन नोंदी कराव्यात आणि इंटरनेट आल्यावर त्या संगणकावर दिसतात का ते पाहावे.

३. रात्रभर न हाताळलेल्या फोनवर सकाळची सूचना ठरलेल्या मिनिटाला वाजते का, ते सलग तीन दिवस तपासावे.

४. एक यादी घरातील व्यक्तीबरोबर वाटून घ्यावी आणि तिला न शिकवता वापरता येते का ते पाहावे.

५. निर्यात करून फाइल उघडून पाहावी.

६. दोन आठवड्यांनी यादी चाळावी. किती कामे पूर्ण झाली यापेक्षा, कोणते काम यादीबाहेर राहून निसटले, हे शोधावे. निसटलेले काम कोणत्या टप्प्यावरचे होते, यातच पुढच्या निर्णयाचे उत्तर असते.

या काळात दिवसाची यादी मुद्दाम लहान ठेवावी. लागणाऱ्या वेळेचा अंदाज माणूस बहुधा कमीच करतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पूर्ण करण्यासाठी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज केला होता. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. सकाळी पंधरा कामे लिहिणाऱ्याला संध्याकाळी अ‍ॅप दोषी वाटते, पण दोष अंदाजाचा असतो. पाच-सहा कामांची यादी संध्याकाळी संपते आणि दुसऱ्या दिवशी ती उघडावीशी वाटते.

कसोटीत एखादे अ‍ॅप उतरले, की निदान वर्षभर ते बदलू नये. नवे अ‍ॅप आले, जुन्यात एखादी सोय नाही किंवा सहकाऱ्याने दुसऱ्याचे कौतुक केले, ही बदलाची कारणे पुरेशी नाहीत. तेच काम त्याच टप्प्यावर पुन्हा पुन्हा निसटत असेल, घरातील इतरांना ते वापरता येत नसेल किंवा यादी बाहेर काढण्याची वाट बंद होणार असेल, तर मात्र बदलावे. आणि निसटण्याचे कारण वेळच पुरत नाही हे असेल, तर कोणतेही अ‍ॅप ते दूर करणार नाही. तेव्हा यादीतील काही कामांना नकार द्यावा लागतो किंवा ती दुसऱ्याकडे सोपवावी लागतात. नीट ठेवलेली यादी एवढे मात्र करते, की नकार कोणत्या कामाला द्यायचा ते स्पष्ट दिसते.